आधी वही, मग व्हिडिओ : ग्रंथालयाचं ऑनलाइन ट्युटोरियल कसं करावं

माझं पहिलं ट्युटोरियल बावीस मिनिटांचं होतं. नाव होतं ‘आपल्या ग्रंथालयाची ओळख’. आधी सरस्वतीचा फोटो, मग संस्थेची वाटचाल, मग एका मान्यवरांचे दोन शब्द (ते नऊ मिनिटं चालले), मग इमारत, मग एकूण ग्रंथसंख्या, आणि हे सगळं संपल्यावर कुठेतरी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन यादीत, पुस्तक कसं शोधायचं ते. यूट्यूबच्या आलेखानं सांगितलं की बहुतेक पोरं दुसरं मिनिटही न पाहता निघून गेली. शेवटपर्यंत टिकले त्यात मी होते, आमचे परिचर काका होते, आणि बहुधा ते मान्यवर.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमची पोरं पंधरा-वीस, काही तीस किलोमीटरवरून एसटीनं येतात. त्यात बंजारा तांड्यांवरची आहेत, कोलाम पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, आहेत. दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही, म्हणून तास संपला की ती पळतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की निम्मा वर्ग वावरात असतो. अशा दिवसांत पोरगी ग्रंथालयात येत नाही, तिच्या हातात असतो फोन, तोही कधी भावाचा. ट्युटोरियल करायचं ते तिच्यासाठी. नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलमध्ये लावायला एक लिंक हवी म्हणून करायचं असेल तर बावीस मिनिटांचा व्हिडिओही चालतो. त्यासाठी पुढचं वाचायची गरज नाही.

काउंटरवर वही ठेवा

शंभर पानी साधी वही घ्या, दोरीनं पेन बांधा आणि पंधरा दिवस काउंटरवर येणारा प्रत्येक प्रश्न लिहा. अट एकच : प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवायचा. ‘ओपॅक वापराबाबत अडचण’ असं आपण लिहिलं की प्रश्न मेला. पोरगा म्हणाला होता, ‘मॅडम, कॉम्प्युटर म्हणते पुस्तक आहे अन् आलमारीत भेटूनच नाही राहिलं.’ हे जसंच्या तसं लिहा. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे काडी मारा. चार उभ्या, एक आडवी.

माझी समजूत होती की पोरं डेटाबेसबद्दल विचारतील. वहीत निघालं भलतंच. सगळ्यात जास्त काड्या ‘आलमारीत सापडत नाही’ला. त्याखाली ‘एन-लिस्टचा पासवर्ड’ (एन-लिस्ट म्हणजे महाविद्यालयांसाठीचा ई-जर्नल आणि ई-पुस्तकांचा संच). मग ‘शोधगंगेवर अर्धाच थेसिस आहे’ (शोधगंगा म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा). मग मराठी पुस्तकाचं नाव टाकलं की ‘काहीच येत नाही’. संस्थेच्या वाटचालीबद्दल पंधरा दिवसांत एकानंही विचारलं नाही.

ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेलं आहे : वाचकाचा वेळ वाचवा. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि १३ तारखेला वाचकाची बावीस मिनिटं खातो.

एका ट्युटोरियलात एकच काम

काम सुरू करण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा : ‘हे पाहिल्यावर विद्यार्थी अमुक करील.’ ‘अमुक’च्या जागी हातानं करायची गोष्ट हवी. काढील, उघडील, शोधील, उतरवून घेईल, मुदत वाढवील. तिथं ‘महत्त्व समजेल’ किंवा ‘ओळख होईल’ असं येत असेल, तर अजून विषय सापडलेला नाही. आणि वाक्यात ‘आणि’ आला की तिथं दोन ट्युटोरियलं आहेत, ती वेगळी करा.

शीर्षकही वहीतूनच उचला. ‘ई-संसाधनांचा प्रभावी वापर’ कोणी उघडत नाही. ‘शोधगंगेत थेसिस अर्धाच दिसतो?’ हे ज्याला अर्धाच दिसला तो उघडतो.

या शोधगंगेचा किस्सा सांगते, कारण ट्युटोरियल कुठे फसतं ते मला तिथं कळलं. एम.ए. अर्थशास्त्राची एक मुलगी कापूस उत्पादकांच्या कर्जावर प्रकल्प करत होती. माझं ट्युटोरियल तिनं पाहिलं होतं. त्यात मी विद्यापीठांची यादी कशी उघडायची, विभाग कसा निवडायचा, शब्द टाकून कसं शोधायचं, सगळं सांगितलं होतं. शोधगंगा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची आहे हेसुद्धा. ती आली आणि म्हणाली, ‘मॅडम, याच्यात तर फक्त गाईडची सही आहे.’

मी म्हटलं, दाखव. तिनं बरोबर विद्यापीठ काढलं, बरोबर विषय, प्रबंधही नेमका. पानाच्या खालच्या भागात फायलींची यादी होती. तिनं पहिली उघडली : मुखपृष्ठ. दुसरी उघडली : प्रमाणपत्र. सह्या, शिक्का, संपलं. तिनं फोन ठेवून दिला. शोधगंगेवर प्रबंध सहसा तुकड्या-तुकड्यांनी ठेवलेला असतो. ०१ टायटल, ०२ सर्टिफिकेट असं करत करत पुढे एकेक प्रकरण, आणि बऱ्याच वेळा शेवटी ८० क्रमांकाची एक फाइल. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की सांगायची गोष्ट आहे हेच डोक्यात येत नाही. तिच्या दृष्टीनं पीडीएफ म्हणजे एक पुस्तक. ते उघडलं, त्यात सही निघाली, बाकीचं कोणी तरी काढून ठेवलं असेल.

माझ्या आठ मिनिटांच्या ट्युटोरियलात तिला हवी ती एकच गोष्ट नव्हती. नवीन केलं ते सत्तर सेकंदांचं आहे. सुरुवातच त्या यादीपासून : ‘प्रबंध उघडलाय. आता अंगठ्यानं खाली सरका. हे प्रमाणपत्र, हे सोडा. हे चॅप्टर वन, इथून सुरू.’ शोधायचं कसं त्याचं दुसरं, वेगळं.

व्हिडिओच कशाला?

ट्युटोरियल म्हटलं की आपण थेट कॅमेऱ्याकडे धावतो. निम्म्या प्रश्नांना व्हिडिओ लागत नाही.

‘आलमारीत सापडत नाही’ याचं कारण मी काकांसोबत रॅकमध्ये उभं राहून शोधलं. पोरं पुस्तकाच्या पाठीवरचा ३३८.१ हा क्रमांक (कॉल नंबर) ३३८.०९ च्या आधी शोधत होती. एक लहान, नऊ मोठा, हा त्यांचा हिशेब. कोणी दशांश समजावून सांगायला गेलं की चेहरे दहावीच्या गणिताच्या पेपरासारखे होतात. काका म्हणाले, ‘पैशात सांगा ना मॅडम.’ ३३८.०९ म्हणजे तीनशे अडतीस रुपये नऊ पैसे. ३३८.१ म्हणजे तीनशे अडतीस रुपये दहा पैसे. आता आधी कोण? झालं. याला एक चित्र पुरलं : वर दोन पुस्तकांच्या पाठींचा फोटो, खाली चार ओळी. चित्रात मी कापूस आणि संत्रं घेतलं, ६३३.५१ आणि ६३४.३१, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या पद्धतीतले आपल्या वऱ्हाडचे दोन नंबर. पोरांना ते लक्षात राहतात. ‘कापसाच्या पुढच्या आलमारीत संत्रं’ असं आता काउंटरवर बोललं जातं.

माझा ठोकताळा असा. एकदा बघून लक्षात राहील, ती गोष्ट चित्रात. फोन समोर ठेवून पायरी-पायरीनं करायची, ती स्क्रीनशॉटच्या पट्टीत : चार-पाच चित्रं, प्रत्येकाखाली एक ओळ. हात कसा हलतो, पडदा कसा सरकतो हे दिसल्याशिवाय कळणारच नाही, त्यालाच व्हिडिओ. पट्टीचा आणखी एक फायदा : वेबसाइटनं बटण हलवलं की एकच चित्र बदलायचं. व्हिडिओ असेल तर सगळा पुन्हा.

व्हिडिओ किती लांब? एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा २०१४ साली अभ्यास झाला, त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वांत जास्त लक्ष देऊन पाहिले गेल्याचं निघालं. पण ती स्वतःहून अभ्यासक्रमाला बसलेली माणसं. आमची पोरगी बसस्टँडवर उभी आहे, तिला फक्त पुस्तकाची मुदत वाढवायची आहे. मी दोन मिनिटांच्या वर जात नाही. जावं लागत असेल तर एक वाक्याची परीक्षा पुन्हा घेते.

आधी दुरुस्ती, मग ट्युटोरियल

हे मला उशिरा कळलं. मराठी पुस्तक शोधताना ‘काहीच येत नाही’ या तक्रारीवर मी मोठ्या उत्साहानं ट्युटोरियल लिहायला घेतलं. आमच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत झालेल्या आहेत. अर्थशास्त्र हा एक शब्द कोणी ‘एच’ घालून लिहिलाय, कोणी ‘ए’ जादा घालून, कोणी शेवटचा ‘ए’ गाळून. म्हणून सूचना सुरू झाल्या : आधी देवनागरीत टाका, नाही आलं तर इंग्रजी अक्षरांत टाका, तेही नाही आलं तर अर्धाच शब्द टाकून पुढे चांदणी (*) लावा, नाही तर लेखकाचं आडनाव टाका, तेही नाही तर... सातव्या सूचनेवर मी पेन ठेवलं. हे ट्युटोरियल नव्हतंच, आमच्या चुकांची यादी होती आणि ती निस्तरायचं काम मी पोरांवर टाकत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काका आणि मी मराठी साहित्याचा ८९१.४६ हा पूर्ण भाग देवनागरीत नव्यानं भरला. पंखा होता, पण लाईन नव्हती. जून उजाडल्यावर त्या ट्युटोरियलात दोनच ओळी उरल्या. बाकीच्या विषयांचं अजून झालेलं नाही, त्यामुळे चांदणीची सूचना तेवढी ठेवली आहे. तुमचंही ट्युटोरियल सूचनांनी फुगायला लागलं तर थांबा आणि मूळ गोष्ट दुरुस्त होते का ते बघा. दारावरची पाटी बदलून, लॉगिनच्या पानावरचा शब्द बदलून, कधी कधी फक्त आलमारी फिरवून काम भागतं.

बोलायचं कोणत्या भाषेत?

मी दोन्ही टोकं करून पाहिली. पहिल्या खेपेला ‘संकेतस्थळावरील शोधचौकटीत बीजशब्द टंकित करावा’ असं लिहिलं. पोरांनी मला तोंडावर काही म्हटलं नाही, त्यांच्यात तेवढी माया आहे. दुसऱ्या खेपेला पूर्ण वऱ्हाडीत बोलले, ‘आता थ्या भिंगाले दाबा’ वगैरे. ते गावभर फिरलं, पण नकला करायला. आणि कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी घरात बोलून शाळेत मराठी शिकलेल्या पोरांना वऱ्हाडीचा काही उपयोग नव्हता. त्यांची मराठी पुस्तकातून आलेली, माझ्या माहेरच्या बोलीतून नाही.

आता नियम असा ठरलाय. पडद्यावर जे लिहिलंय तेच नाव घ्यायचं. ‘सर्च’ लिहिलंय तर ‘सर्च’, ‘लॉगिन’ लिहिलंय तर ‘लॉगिन’. त्याचं मराठी करून सांगितलं की पोरगी तो मराठी शब्द पडद्यावर शोधत बसते. बाकी वाक्य वर्गात बोलतो तसं साधं, लहान. एका वाक्यात एकच कृती. आणि आधी जागा सांगायची, मग काम : ‘वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यांवर बोट ठेवा.’ उलट सांगितलं तर ती बोट उचलून जागा शोधते आणि तोवर आपण पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो. रंगावरून ओळख देऊ नका. ‘हिरवं बटण’ म्हटलं आणि एखाद्याला हिरवा-लाल वेगळा दिसतच नसेल, तर तो तिथंच अडकला. रंगासोबत बटणावरचा शब्द सांगा.

रेकॉर्डिंग

यात जास्त वेळ घालवू नका. फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर असतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘टच दाखवा’ असा पर्याय मिळाला तर तो चालू करा, म्हणजे बोट जिथं टेकतं तिथं ठिपका उमटतो. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, आवाज साफ करायला ऑडॅसिटीही. पण पोरं फोनवरच करणार असतील तर फोनचाच पडदा दाखवा, उभा. कॉम्प्युटरचं आडवं पान फोनवर पाहिलं की अक्षरं मुंगीएवढी, आणि फोनवर बटणंही दुसरीकडे असतात.

बोलायचं काय ते आधी लिहून काढा. कागदाला मधोमध रेघ, डावीकडे पडद्यावर काय दिसतं, उजवीकडे मी काय बोलते. उजवी बाजू डावीपेक्षा लांब झाली की समजायचं, मी भाषण देतेय.

आवाजासाठी जागा शोधताना मी प्राचार्यांच्या वातानुकूलित खोलीपासून घराच्या स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे जाऊन आले. सगळ्यात चांगला आवाज येतो तो आमच्या बांधीव वर्तमानपत्रांच्या गोदामात. चारी बाजूंनी कागद, त्यामुळे आवाज घुमत नाही. धूळ खूप आहे, रेकॉर्डिंगच्या आधी शिंकून घ्यावं लागतं. पंखा बंद करायचा, म्हणून मे महिन्यात सकाळी आठच्या आत उरकायचं.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. ओपॅकचं लॉगिन दाखवताना मी एका विद्यार्थ्याचं खरं खातं वापरलं. त्याच्यावर थकलेला दंड आणि त्यानं नेलेल्या पुस्तकांची यादी सगळ्या कॉलेजनं पाहिली. तो काही बोलला नाही, पण दोन महिने ग्रंथालयात आला नाही. आता ‘नमुना विद्यार्थी’ नावाचं एक खोटं खातं केलंय, त्यावर दोन पुस्तकं कायमची दिलेली असतात. रेकॉर्डिंगच्या आधी फोनच्या सूचना बंद करायच्या, नाही तर आपले बँकेचे संदेश पोरं वाचतात.

पडद्यावर परिच्छेद टाकून तोच वाचून दाखवू नका. डोळे वाचतात एका वेगानं, कान ऐकतात दुसऱ्या, आणि चित्राकडे बघायला कोणीच उरत नाही. उपशीर्षकं मात्र द्या, छोटी आणि बंद करता येतील अशी, कारण एसटीत बसलेल्याकडे इअरफोन नसतो आणि काहींना ऐकूच येत नाही. चित्रपट्टीवरची अक्षरं गडद, पाठ पांढरी. वेबवरच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पाठ यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक मागतात. उन्हात, तडा गेलेल्या काचेतून वाचायचं आहे हे लक्षात ठेवलं तरी पुरे. चित्र पाठवाल तिथं त्यातल्या ओळी मजकूर म्हणूनही पाठवा. आमच्याकडे एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे, त्याचा फोन मजकूर वाचून दाखवतो. तेच शब्द चित्रात कोरलेले असले की फोन मुका होतो.

पाच जणांसमोर ठेवा आणि हात मागे बांधा

वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी वापरण्याच्या चाचण्यांबद्दल २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांत बहुतेक अडचणी वर येतात. आमच्याकडे पाच पोरं गोळा करायला चहा पुरतो. पण पाच कशी निवडायची? स्पर्धा परीक्षेची पोरं बोलावू नका, ती काहीही शोधून काढतात. एखादी पहिल्या वर्षाची, एखादा नुसता वर्तमानपत्र वाचायला येणारा, एखादी कधीच न येणारी अशी निवडा.

ट्युटोरियल द्या, काम द्या, आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात कठीण. पोरगी चुकीच्या जागी बोट नेते तेव्हा आपला हात आपोआप पुढे जातो. म्हणून मी खुर्चीच्या मागे हात बांधून उभी राहते, खरंच. लक्ष अंगठ्यावर ठेवायचं. अंगठा जिथं हवेत थांबतो, तिथं ट्युटोरियल तुटलंय. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळी ‘हो मॅडम’ म्हणतात. मी इतक्या वर्षांत ‘नाही’ ऐकलेलं नाही.

एन-लिस्टचं ट्युटोरियल असंच पाच जणांसमोर ठेवलं. कॉलेज नाव नोंदवतं आणि विद्यार्थ्याला ईमेलवर लॉगिनची माहिती जाते. माझं ट्युटोरियल सुरू होत होतं ‘ईमेलवर आलेला पासवर्ड टाका’ इथून. पाचांपैकी चौघांचे अंगठे त्याच वाक्याला हवेत. एकीला तिचा ईमेल कोणता ते माहीत नव्हतं. फोन घेताना दुकानदारानं काढून दिला होता. दुसऱ्याचा ईमेल चुलतभावाच्या नावावर. तिसऱ्यानं प्रवेश अर्ज सायबर कॅफेत भरला, तिथल्याच माणसानं स्वतःचा ईमेल टाकला, म्हणजे आमच्या निम्म्या वर्गाचे पासवर्ड त्या कॅफेवाल्याकडे जमा. चौथ्याचा ईमेल होता, पासवर्ड आठवत नव्हता.

एन-लिस्टमध्ये काही अडचण नव्हतीच, अडत होतं त्याच्या एक पायरी आधी. मी ते ट्युटोरियल तिथंच थांबवलं आणि आधीचं केलं : ‘माझा ईमेल कोणता, तो फोनमध्ये कुठे दिसतो.’ ग्रंथालयाचा याच्याशी काय संबंध, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. काड्या मोजून दाखवल्या.

चाचणीत जसं काम देता तसंच एक काम ट्युटोरियलच्या शेवटीही ठेवा, केल्याशिवाय उत्तर सापडणारच नाही असं. मी गूगल फॉर्मवर एकच प्रश्न ठेवते : ‘आपल्या अमरावती विद्यापीठाचा, कापसावरचा कोणताही एक प्रबंध काढा. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव लिहा.’ पहिली दोन-चार उत्तरं खरी येतात, मग एकाचंच उत्तर दहा जणांचं येतं. म्हणून विषय प्रत्येक वर्गाला वेगळा देते. तरी काही पोरं एकमेकांना विचारतात. विचारतात म्हणजे एक जण दुसऱ्याला शिकवतोय, त्याकडे मी डोळेझाक करते.

ठेवायचं कुठे

कॉलेजच्या वेबसाइटवर ‘डाउनलोड्स’मध्ये ठेवलं तर ते तिथंच राहतं. अडचण जिथं येते तिथं ते पाहिजे. कॉल नंबरचं चित्र रॅकच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर. लॉगिनचं, लॉगिनच्या पानावर पासवर्डच्या चौकटीखाली. शोधगंगेचं, एम.ए.च्या व्हॉट्सॲप गटात, प्रकल्पाचे विषय वाटले त्याच दिवशी. जूनमध्ये पाठवलेलं जानेवारीत कोणाला सापडत नाही.

रॅकवर क्यूआर कोड लावलेत. त्यातले खिडकीजवळचे दोन उन्हानं इतके फिके पडले की फोन ओळखेना. आता ते आतल्या बाजूला लावलेत. प्रत्येक कोडखाली काय आहे ते एका ओळीत लिहा, कारण अनोळखी कोड स्कॅन करू नका हेही आपणच पोरांना शिकवतो.

व्हिडिओ पाच-सहा एमबीत बसवायचा. रोजचा डेटा संध्याकाळपर्यंत रील्समध्ये संपलेला असतो आणि पोडावर रेंज टेकडीवर चढल्यावरच येते. तिथल्या एका मुलीनं मला सांगितलं की ती ट्युटोरियल कॉलेजातच उतरवून घेते आणि रात्री घरी दोघी-तिघींना दाखवते. तेव्हापासून मी लिंकसोबत फाइलही देते. यूट्यूबवर दिसणारा पाहणाऱ्यांचा आकडा त्यामुळे खाली आला, आणि वार्षिक अहवालात तोच आकडा मागतात. तिथं मी आकड्याच्या बाजूला वहीतल्या काड्या लिहिते : ट्युटोरियलच्या आधीचे पंधरा दिवस, नंतरचे पंधरा दिवस. अहवालवाल्यांना ते फारसं आवडत नाही.

जुनं झालेलं काढा

प्रत्येक ट्युटोरियलवर तारीख टाका. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, मी सगळी उघडते आणि सांगितल्याप्रमाणे स्वतः करून बघते. बटण हललं असेल तर पट्टीतलं चित्र बदलायचं. दुरुस्त करायला वेळ नसेल तर ते ट्युटोरियल काढूनच टाकायचं. चुकीच्या वाटेला लावण्यापेक्षा काउंटरवर येऊन विचारलेलं बरं. माझ्याकडे एका वेळी चौदा होती, आता नऊ आहेत. त्या बावीस मिनिटांच्या ओळखपटालाही मी एके दिवशी गुपचूप खाजगी करून टाकलं. अजून कोणी विचारायला आलेलं नाही.

वही मात्र चालू आहे, तिसरी. या महिन्यात सगळ्यात जास्त काड्या एकाच प्रश्नापुढे आहेत : ‘मॅडम, ईमेलचा पासवर्ड बदलायला गेली तर ओटीपी भावाच्या फोनवर गेला, अन् भाऊ पुण्याला कंपनीत आहे. आता काय करू?’ याचं ट्युटोरियल मला अजून सुचलेलं नाही. सध्या काका काउंटरवरच्या फोनवरून भावाला फोन लावून देतात.